शेजारची रिकामी मेमरी

त्या हॉस्पिटलात दोघींना कुणी नावाने हाक मारत नसे. मशीनं सांभाळणारी ती थोरली, प्रोग्रॅम लिहिणारी ती धाकटी. दोघी सख्ख्या जावा, आणि आठवडाभर दोघींचा अबोला. घरी जेवताना मीठसुद्धा सासूबाईंच्या हातून इकडचं तिकडे जाई.

भांडणाचं मूळ तळघरातल्या सर्व्हरमध्ये होतं. डॉक्टरांना स्कॅनचे फोटो दाखवणारा धाकटीचा प्रोग्रॅम सकाळी पळे आणि दुपारी रखडे. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा ठणठणीत. "प्रोग्रॅम मेमरी खातोय," थोरलीने भर बैठकीत सांगून टाकलं. नव्याकोऱ्या मशीनला नावं ठेवलेली तिला खपत नसत. साहेबांनी लगेच ठरवलं: सोमवारी हा प्रोग्रॅम काढायचा, बाहेरून विकत आणायचा. धाकटीची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात, आणि नोकरीचंही काही खरं नव्हतं.

अबोल्याचा आठवडा सरत आला, तेव्हा एका संध्याकाळी धाकटी ताटावरून उठून गेली आणि थोरलीने हातातला घास परत ताटात ठेवला. बोलून मोकळे झालो, पण तपासलं कुठे आपण?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वेटर चढवून थंडगार तळघरात बसली. मशीन धापा टाकत होतं, आणि आकडे म्हणत होते, निम्मी मेमरी रिकामी! पोट अर्धं रिकामं, मग घास अडतोय कुठे? तिने दोन्ही प्रोसेसरांचे आकडे वेगवेगळे काढले. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी मेमरी. पहिल्याची काठोकाठ भरलेली, दुसऱ्याची ओस. पहिला पठ्ठ्या शेजारची जागा घ्यायची सोडून स्वतःकडचेच फोटो फेकत होता आणि तेच डिस्कवरून परत आणत होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तशी सेटिंगच होती: आपली जागा भरली तर आपलीच उपसा, शेजाऱ्याकडे मागू नका. जुन्या मशीनवरून ती जशीच्या तशी उचलून आणली होती खुद्द थोरलीने.

तिने साहेबांना आणि धाकटीला खाली बोलावलं. त्यांच्यादेखत त्या सेटिंगमधला 'एक' हा आकडा पुसून शून्य टाकलं, म्हणजे शेजाऱ्याकडे मागायची मोकळीक. ओस बाजू भरू लागली, फोटो पटापट उघडू लागले.

"योगायोग असेल," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा एक टाकला. थोड्या वेळात मशीन रखडलं. शून्य टाकलं, पळालं. वरून डॉक्टरांचा फोन आला, "काय जादू केलीत हो? आता कृपा करून हात लावू नका!"

"सेटिंग कुणाची होती?" साहेबांनी विचारलं.

"माझी. प्रोग्रॅम सोन्यासारखा आहे. सोमवारचं तेवढं रद्द करा."

चूक कबूल करताना बाई इतकी खूश कशी, हे साहेबांना कळेना. स्वतः शोधून काढलेल्या चुकीचा आनंद त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी सोमवारचं रद्द केलं. धाकटी मात्र तडक वर निघून गेली.

त्या दिवशी जेवताना सवयीने सासूबाईंचा हात मिठाकडे गेला. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, मीठ द्या ना इकडे."

सासूबाईंनी हात मागे घेतला. "सुटले बाई एकदाची!" म्हणाल्या, आणि आठवड्यात पहिल्यांदाच निवांत जेवल्या.