दांडांगचं झाकण

"झाकणाखाली भात असतो, बॅडमिंटन नसतं," तुमिना तिसऱ्यांदा म्हणाली. "उतरवा ते."

"उतरवलं की संपलं. तीन दिवस बोटबोटभर सरकवत बसलोय मी," वार्सितो स्टुलावर उभ्या उभ्या म्हणाला. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, लग्नातल्या फोटोशेजारी तिच्या दांडांगचं, म्हणजे भात वाफवायच्या उंच भांड्याचं, झाकण टांगलेलं होतं. त्याची मूठ काढून त्या भोकात त्याने टीव्हीची वायर स्क्रूने आवळली होती.

"निनिंगचे बाबा, आज तुमच्या लेकीचं डोहाळजेवण आहे. सूर्यास्ताच्या नमाजानंतर पंचवीस घरचे पुरुष येऊन बसतील. भाताचे सात शंकू मांडायचेत. आतून कच्चे राहिले तर गावभर नाव माझं निघेल, अँटेनाचं नाही."

"वर ताट ठेव."

"ठेवलंय. वाफ त्याच्या कडेनं फिरायला जातेय."

वार्सितोच्या घरात कुठलीही वस्तू ज्या कामासाठी आली त्या कामात मेली नाही. तीस वर्षं तो गावच्या कचेरीत शिपाई होता, आणि तिथून मोडलेलं काहीही टाकायला निघालं की ते त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून घरी यायचं. पंख्याच्या जाळीवर मिरच्या वाळायच्या. निनिंगच्या पाळण्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आता नातवंड येणार म्हटल्यावर त्यांना कुठे हलवायचं हा प्रश्न होता. सरकारने टीव्हीचं जुनं प्रसारण बंद करून घरोघर टीव्हीला जोडायच्या छोट्या पेट्या दिल्या, तेव्हा शेजारच्या पाक दार्मोने बाजारातून अँटेना आणून उंच बांबूवर चढवला. तरी मध्ये डोंगर असल्यामुळे त्याच्या चित्राच्या वड्या पडायच्या. वार्सितोने झाकण टांगलं आणि वड्या पडेनाशा झाल्या. तेवढ्यावर त्याने पाक दार्मोसकट चौघांना अंतिम सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

ते चौघे सतरंजीवर बसून नवराबायकोचं भांडण सभ्यपणे ऐकत होते.

"वायर सोडू नका. मला वायरीसकट चालेल," तुमिना म्हणाली, दुसऱ्या स्टुलावर चढली आणि झाकण काढून स्वयंपाकघरात चालती झाली. वार्सितोने वायर कधी कापलेली नव्हती, कारण कापणं म्हणजे वाया घालवणं. तिचं भेंडोळं तुमिनाच्या मागे उलगडत गेलं. झाकण दांडांगवर बसलं. तिने भोकाभोवती कणीक थापली.

वार्सितोने डोळे मिटून घेतले.

"वार्सितो," सतरंजीवरून पाक दार्मो म्हणाला, "आता तर फुलाची पिसंसुद्धा मोजता येतायत रे."

स्वयंपाकघराची खिडकी दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे उघडायची. ही गोष्ट तुमिनाला तीस वर्षं ठाऊक होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिसरा डाव एकोणीस-एकोणीसवर आला, आणि भात उलथायची वेळ झाली. तिने झाकण उचललं. बाहेर त्यांचा खेळाडू हवेतच अडकला. पाच पुरुष स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, दोनच गुण," पाक दार्मोने हात जोडले.

"भाताला गुण कळत नाहीत."

"तुमिना," वार्सितो हळूच म्हणाला. निनिंग झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती.

"ऐकलं," ती म्हणाली. तिने खालचा भात वर आणला, नारळाचं दूध शिंपडलं, मधल्या भातातलं शीत बोटांत चिरडून पाहिलं, पुन्हा शिंपडलं. पाचही जण शितांकडे बघत होते. मग तिने झाकण ठेवलं.

पुरुष पळाले. चित्र आलं तेव्हा खेळाडू हात मिळवत होते आणि त्यांचा गडी टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता.

"हसतोय की रडतोय?" पाक दार्मोने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मग जाहिरात लागली.

भात मात्र आतपर्यंत शिजला. निनिंगने शंकूंचे साचे पुसून आईपुढे मांडले.

"उद्या परत भिंतीवर टांगतो," दारातून वार्सितो म्हणाला.

"उद्यापासून टीव्ही स्वयंपाकघरात येईल," तुमिनाने सगळ्या घराला ऐकवलं. "ज्याला बघायचाय त्याने खवणी घेऊन बसायचं."