शेवंतीच्या पाठीखालची गादी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, भावाला नाही. देवासमोरसुद्धा नाही — तिथे हात जोडून मी दरवेळी दुसरंच काहीतरी मागत राहिलो. तुम्ही ओळखीचे नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. चार दिवस वही उघडतोय नि मिटतोय. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं, वाकडं, एका पानात फार मावत नाही. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

आधी धंद्याचं सांगतो. तुम्ही म्हणाल, म्हातारा टाळतोय. टाळतोच आहे.

मी गाद्या भरणारा. रत्नागिरीच्या बाजारात चाळीस वर्षं माझं दुकान होतं — दुकान म्हणजे एक गाळा, त्यात कापसाचा ढीग आणि ढिगाच्या मधे मी. साध्या कापसाच्या भरायचो, पण नाव होतं ते सावरीच्या गाद्यांसाठी. आमच्याकडे कातळाच्या कडेने सावरीची झाडं असतात. बोंडं फुटायच्या आत उतरवायची, जाळीखाली वाळवायची, नाहीतर वारा सगळा कापूस समुद्रात नेतो. असला मऊ कापूस, की मूठ भरली तरी हातात काही आहे असं वाटत नाही. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांनी किती गाद्या नेल्या माझ्याकडून! मग फोमच्या आल्या, तयार, प्लास्टिकात गुंडाळलेल्या. तेच लॉजवाले माझ्या गाळ्यावरून मान खाली घालून जायला लागले. मी म्हटलं, जा. पाठीला घाम फुटेल तेव्हा माझी आठवण होईल.

नाही झाली कुणाला.

गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी आडवं करायचो. "बसून काय बघतोस? बसायचं असेल तर खुर्ची घे," असं तोंडावर सांगायचो. कुशीवर झोपतोस की उताणा, ते विचारायचो. मग त्याच्या कमरेखाली हात सरकवून बघायचो. हात सहज आरपार गेला तर गादी त्याला कडक. हात शिरतच नसेल तर फार मऊ, कंबर बुडतेय. माणूस अंगाने भारी असेल तर कापूस ठासून भरायचा, टाके जवळ घालायचे. खाटेवर टाकणार की जमिनीवर? घरात ओल आहे का? सगळं विचारायचो. माणसाच्या झोपेतलं मला कळतं, असा माझा समज होता.

आणि बायकोच्या कमरेखाली हात घालून कधी बघितलं? एकदाही नाही. गादीवाल्याच्या बायकोला काय विचारायचं? गादी माझ्या हातची, म्हणजे चांगलीच.

दुकान बंद केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी शेवंतीला — माझ्या बायकोला — अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी सोडताना तिथली सिस्टर मला म्हणाली, "आजोबा, यांना कापसाच्या गादीवर ठेवू नका. एकाच जागी पडून पाठीला जखमा होतात. हवेची गादी आणा, मशीनवाली."

मी म्हटलं, "बाय, तुझ्या जन्माआधीपासून गाद्या भरतोय मी."

ती हसली. "भरा हो. पण ही आणा."

मी आणणार नव्हतोच. माझा मुलगा महेश मुंबईला नोकरीला, त्याने तिकडून पाठवली. त्याची बायको दर्शना आमच्यापाशी घरी राहते, घर तीच चालवते. तिने गादी खाटेवर पसरली, मशीन लावलं. ओळीने फुगवटे होते, एक भरला की शेजारचा उतरायचा. असं आपोआप चालायचं, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. मला ते बघवत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या खाटेवर, बाहेरची गादी! माझ्या हातची सावरीची गादी दर्शनाने गुंडाळून माळ्यावर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने डोळे उघडले आणि वाकड्या तोंडाने हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा हसली ती. अडखळत अडखळत म्हणाली, "अवो... काय टोचतच नाय." आणि थोडं थांबून, "एवढी वर्षं कळलाच नव्हता, झोप काय असते ती."

दर्शना चहा घेऊन आली होती. तीही हसली. "बाबा, ऐकलात काय? तुमच्या गाद्या नापास!"

थट्टाच होती. त्यात काय होतं? दोन बायका सकाळच्या हसल्या, एवढंच. मला मात्र कानशिलात बसल्यासारखी वाटली. त्या आठवड्यात जो कोणी तब्येत विचारायला आला त्याला शेवंती ते वाक्य सांगायची. बोलायला तिला एवढा त्रास, पण ते वाक्य ती पुरं करायची. काय टोचतच नाय. आणि येणारे माझ्याकडे बघून हसायचे. चाळीस वर्षं कुणी माझ्या गादीला नाव ठेवलं नव्हतं. आणि ठेवलं कुणी, तर जी तिच्यावर रोज झोपली तिनेच?

आता यापुढे मला टाळता येणार नाही.

आठवा-नववा दिवस असेल. सकाळचे दहा-अकरा. दर्शनाने शेवंतीला खुर्चीत बसवून पडवीत नेलं होतं, केस धुवायला. दोघींचं बोलणं मला आतून ऐकू येत होतं. मी माझी धंद्याची पेटी उघडली. दाभण काढलं — गादीला टाके घालायची वीतभर लांब सुई असते ती. खोलीत गेलो. चादर वर केली. आणि त्या हवेच्या गादीत, कंबर येते त्या जागी, तीन वेळा खुपसलं.

फार आवाज नाही झाला. दूध उतू जायच्या आधी येतो, तेवढाच. चादर परत सारखी केली. दाभण पुसून पेटीत ठेवलं. पुसायची काय गरज होती? त्याला काय लागलं होतं? पण पुसलं.

मनात काय होतं म्हणून विचाराल, तर खरं सांगतो, तिला त्रास व्हावा असं नव्हतं. तिने माझी गादी मागावी, एवढंच होतं. पण हे मी लिहितोय आणि मलाच कळतंय की याने काही हलकं होत नाही.

दुपारपर्यंत गादी बसली. दर्शनाने हात फिरवून फिरवून भोकं शोधली. "ह्या कशाना झाला ओ, बाबा?" तिचा चेहरा उतरला होता. आमच्याकडच्या बायका मंगळसूत्राला सेफ्टी पिना अडकवून ठेवतात, हाताशी असाव्यात म्हणून. तिच्याही होत्या चार-पाच. माझं लक्ष तिकडे गेलं, आणि तोंडातून निघालं, "तुझी पिन बघ, पडली असेल."

तिने मंगळसूत्र हातात घेतलं. एक पिन कमी होती. अहो, पिना हरवायच्याच! कधी पदराला राहते, कधी मोरीत पडते. पण ती तिथेच खाली बसली.

मी तिथे थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. थांबलो नाही. गादीतलं मला कळतं ना? मी तिला समजावून सांगितलं — पिन उघडी राहिली असणार, आईला कुशीवर वळवताना ती सरकत गेली, म्हणून एक सोडून तीन ठिकाणी लागली. अगदी दाखवून, गादीवर बोट ठेवून. चाळीस वर्षांचा धंदा, माझ्या शब्दाला वजन. तिने विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता.

सायकलवाल्याकडून पॅच लावून आणले, टिकले नाहीत. महेशने फोनवर ओरडून तिला काय काय ऐकवलं ते मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं. मग फोन माझ्याकडे आला. त्याने विचारलं, लगेच दुसरी पाठवू? मी म्हटलं, "घाई करू नको. माझ्या गादीवर ती छान झोपतेय."

सावरीची गादी तोवर माळ्यावरून खाली आली होती. शेवंतीला तिच्यावर निजवलं होतं. मी रोज सकाळी विचारायचो, "झोप लागली?" ती म्हणायची, "लागली." मी त्याच खोलीत झोपायचो. ती कण्हायची ते मला ऐकू यायचं. ती जागी आहे हे माहीत असून मी सकाळी विचारायचो, आणि मला हवं ते उत्तर ती मला द्यायची. तिला ठाऊक होतं का काही? तिने कधी माझ्याकडे तसं बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, मी मान वर केली नसेल.

दर्शना दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवत होती, चादरीला चुणी राहू देत नव्हती. तरी पंधराव्या दिवशी माकडहाडाजवळ कातडी लाल झाली. मग काळी पडली. मग फुटली. मी स्वतः महेशला फोन केला, गादी पाठव म्हणून. वीस दिवसांनी दुसरी हवेची गादी आली. पण जखम आत गेली होती. रोज सकाळी दर्शना ती धुवायची, औषध भरायची. मी बाहेर पडवीत जाऊन बसायचो. वास सहन होत नाही, असं सांगायचो.

चार महिन्यांनी शेवंती गेली. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठला. मी त्यांच्या सांगण्यामागे लपणार नाही. शेवटचे चार महिने ती कशी निजली, ते मला माहीत आहे.

ती जायच्या आदल्या दिवशी दर्शनाने तिचे पाय धरले होते. "आई, माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा." शेवंतीने डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी पाणी प्यायला गेलो.

याला सहा वर्षं झाली. दर्शनाच्या मंगळसूत्राला तेव्हापासून एकही पिन नाही. रोज संध्याकाळी ती माझी गादी घालते, आणि मी टेकण्याआधी चादरीवरून तळहात फिरवते — या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. काही टोचत नाही ना, ते बघते. मी बाजूला उभा राहून ते बघतो.

गेल्या आठवड्यात शेजारची सून आली होती. तिच्या सासऱ्यांना झटका आलाय, ते अंथरुणाला खिळलेत. काय काय करू, म्हणून दर्शनाला विचारायला आली. दर्शनाने तिला सगळं नीट सांगितलं, हवेच्या गादीचं, कुशीवर वळवायचं. आणि मग म्हणाली, "आणि पिना काढून ठेव हो अंगावरच्या. माझ्या एका पिनेपायी आमच्या आईंचे फार हाल झाले. माझा जीव अजून मला खातो." मी तिथेच, चार हातांवर, जेवत होतो. दर्शना बोलता बोलता उठली, माझ्या ताटात आमटी वाढली, आणि परत जाऊन बसली.

मी जेवण पुरं केलं.

तेव्हापासून ही वही काढलीय. तुम्हाला सांगून झालं. तिला अजून सांगायचंय. आज ती बाजारात गेलीय, मासे घेऊन बारापर्यंत येईल. आली की तिला खुर्चीत बसवणार आणि सांगणार, समोर उभा राहून. महेशला तीच सांगेल, किंवा नाही सांगणार, ते तिचं ती बघेल.