तुरीच्या रानातला रणगाडा

लातूरला मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो आणि रविवारी प्लास्टिकचे वीतभर रणगाडे जोडायचो. एकाला खोक्यावरच्या चित्राप्रमाणे हिरवे-तपकिरी पट्टे तीनदा दिले, तरी तो खेळणंच वाटे. शेवटी तो घेऊन जीपगाड्या रंगवणाऱ्या एका चाचांकडे गेलो.

दाढीला रंग लागलेले चाचा हसले नाहीत. रणगाड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "सर, हा लढणार कुठं?"

मी विचारच केला नव्हता. "इथंच, आपल्या रानात."

"मग इथली माती बघू की!"

गॅरेजमागच्या कापलेल्या तुरीच्या रानातून त्यांनी ढेकूळ आणलं, तसा रंग कालवला, वर थोडा पांढरा टाकला. "लहान चीज लई गडद दिसती." मग धसकटांचा पिवळा रंग कडांवरून वेडावाकडा ओढला. "कड मोडली की नजर फसती."

रंग वाळल्यावर रणगाडा रानात ठेवून आम्ही वीस पावलं मागे आलो. वळून बघतो तर दिसेना. जवळ जाऊनही सापडेना! दोघं रांगत शोधत राहिलो. अखेर चाचांच्या हाताला लागला, तेव्हा ते हसत हसत मातीतच बसले.

"सर," डोळे पुसत ते म्हणाले, "जिंदगीभर गाड्या नजरेत भराव्या म्हणून रंगवल्या. आज पहिल्यांदा दिसू नये म्हणून रंगवली!"