युसूफभाईंची राणी

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिठदला लेकीकडे होतो. अनसिंगला पोचेपर्यंत दफनही उरकलं होतं. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि जनाज्याला खांदा द्यायलाही मिळाला नाही... स्वतःचाच राग येतो.

गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण माणूस खरा रमायचा तो घरातल्या काचेच्या पेट्यांपाशी. एका पेटीत मेक्सिकोचा कोळी; तळहाताएवढा, केसाळ, गुडघे लालभडक. शेजारच्या पेटीत त्याच्या खाण्यासाठी पाळलेली परदेशी झुरळं. पुण्याच्या एका शौकिनाने दिला तेव्हा हा कोळी नखाएवढा होता. युसूफभाईंनी त्याचं नाव राणी ठेवलं. "मादी हाये सर. वीस-वीस वर्षं जगते. मले पोचवूनच जाईन," असं छातीठोकपणे सांगायचे. मी मराठीचा मास्तर. कोळ्याला आठ पाय असतात, यापलीकडे मला काय कळणार? पण तो कात टाकायचा त्या दिवशी मीही शाळेतून थेट तिथंच जाऊन बसायचो.

शमीमभाभींना हे मुळीच पटत नव्हतं. सैपाकघरातली झुरळं मारायची अन पेटीतली पोसायची, हा कुठला न्याय, असं त्या विचारत. एकदा वैतागून त्यांनी ओट्याभोवती विषारी खडूच्या रेघा ओढल्या. दोन दिवसांनी राणी मेली. युसूफभाईंनी तिला स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं आणि आठ दिवस बायकोशी अबोला धरला. पुढे बोलणं सुरू झालं, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. तीन महिन्यांनी ते स्वतःच गेले.

चाळिसावा दिवस झाल्यावर भेटायला गेलो, तर भाभींनी ती बाटलीच माझ्यापुढे ठेवली.

"सर, खरं सांगा. राणी माह्याच खडूनं मेली का?"

युसूफभाई कोळ्याच्या नोंदी ठेवायचे ती वही मागितली, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं. वहीत त्यांनी स्वतःच चित्र काढून लिहिलं होतं : वयात आलेल्या नराच्या पुढच्या पायांना आतून आकडा येतो, त्यानंतर तो जेमतेम वर्षभर जगतो. बाटली उजेडात फिरवली. आकडा होता... दुसऱ्या पायालाही. अरे देवा, राणी नर होती!

केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? मग आठवलं, अलीकडे बायकांची छोटी घड्याळं ते पार्ट मिळत नाही म्हणून परत करायचे. डोळे अधू झाले होते, आणि पठ्ठ्याने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाभींना म्हणालो, पायाला हा आकडा आहे, भाईंना तो दिसला नसावा; हा नर होता, वय होऊन मेला. विष पेट्यांपर्यंत पोचलं असतं, तर शेजारच्या पेटीतली ही झुरळं आजवर जगली असती का?

एवढ्या वर्षांत पेटीजवळ न फिरकलेल्या बाईने भिंगासाठी हात पुढे केला. मी बाटली धरली. त्या वाकून, एक डोळा मिटून बघत राहिल्या.

"दिसला आकडा," त्या म्हणाल्या. "चांगला मोठा तं हाये. मले एकडाव इचारलं असतं, तं मीच पाहून सांगतलं असतं यायले."