सह्या खऱ्या, ठराव खोटा

ती दुपार विसरावी असं मला अनेकदा वाटलं, पण विसरता आली नाही. ठाणे अंमलदाराने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, शाळेचं छत पडलंय. पोरं आत होती."

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आम्ही गावात पोचलो तोवर गावकऱ्यांनी हातांनी ढिगारा उपसून मुलं बाहेर काढली होती. पाच जखमी होती. चौथीतली एक मुलगी गेली होती. तिची आई कापूस वेचायला गेलेली. तिला शेतातून आणलं तेव्हा कमरेला बांधलेली कापसाची झोळी तशीच होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, ती खोली ते बंद व्हती ना?"

माझा तपास या प्रश्नापासून सुरू झाला.

ही बाई शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होती. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पालकांची अशी समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. सहा महिन्यांपूर्वी समितीने ठराव केला होता की तीन नंबरच्या खोलीचं छत धोक्याचं आहे, तिला कुलूप लावावं. मग चौथीचा वर्ग तिथे बसला कसा?

मुख्याध्यापक पन्नाशी ओलांडलेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. गावात त्यांना मान होता. पहिल्याच जबाबात ते म्हणाले, "साहेब, तो ठराव समितीनेच नंतर बदलला." आणि त्यांनी इतिवृत्ताची वही माझ्यासमोर ठेवली. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की समितीने खोलीची पाहणी केली, ती वापरायला योग्य असल्याची खात्री केली आणि चौथीचा वर्ग तिथे भरवायला सर्वानुमते मंजुरी दिली. खाली सात सह्या. चौथी सही त्या मुलीच्या आईची होती.

दुसऱ्या दिवशी त्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कोणी टाकला ते सांगायला नको. बघता बघता गाव फिरलं. कालपर्यंत त्या बाईच्या दारात बसलेल्या बायका आज म्हणू लागल्या, हिनेच सही केली आणि हिचीच पोर गेली.

मी साती सदस्यांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांचं एकच उत्तर. अशी मीटिंग झालीच नाही.

"मग ही सही?"

"सही तर माझीच दिसते, साहेब."

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली होती. माणूस अडकला की आधी सही नाकारतो. इथे सही कबूल होती आणि मीटिंग नाकबूल. मला ते सगळे खोटं बोलतात असं वाटलं. केस डायरीत मी तसं लिहूनही ठेवलं, की सदस्य जबाबदारी टाळत आहेत. ते वाक्य आजही माझ्या अक्षरात तिथे असेल.

आठवडे बाजाराच्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणारी बाई ठाण्यात आली. हातात भाजीची पिशवी होती, म्हणजे ती ठाण्यात का गेली हे कोणी विचारणार नाही. इकडेतिकडे बघत ती माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, मोबाइलमा त्या ठरावनी तारीख वाची मी. त्या दिन आबा जळगावले दवाखानामा व्हतात. खुबा मोडेल व्हता त्यासना. मग सही कशी करी त्यासनी?"

आबा म्हणजे समितीचे उपाध्यक्ष आणि या बाईचे सासरे. मी त्याच दिवशी हवालदाराला जळगावला पाठवलं. दवाखान्याच्या नोंदीप्रमाणे आबा ठरावाच्या तारखेच्या चार दिवस आधी दाखल झाले होते आणि पुढे दोन आठवडे खाटेवरच होते. सही बनावट असणार, असं मी धरून चाललो. वही हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवली. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला. साती सह्या खऱ्या. आबांचीसुद्धा.

वही परत आल्यावर मी ती पहिल्यांदाच सावकाश, पान न् पान चाळली. पानांवर छापील नंबर होते. त्या ठरावाच्या पुढची तीन पानं नव्हती. ब्लेडने कापावीत इतक्या सफाईने काढली होती.

मुख्याध्यापकांना बोलावलं. आवाज चढवला नाही. शिकलेला, भित्रा माणूस ओरडण्याने गप्प होतो. त्यालाच बोलायला जागा द्यावी लागते. मी दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "सर, ठराव जरा मोठ्याने वाचा."

ते तारखेपर्यंत आले आणि थांबले.

"पुढची तीन पानं कुठे आहेत?"

त्यांनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "घरी आहेत. जाळायला धीर झाला नाही."

त्यांच्या घरच्या कपाटात, नोकरीच्या कागदांच्या फायलीत ती पानं मिळाली. तिन्ही वरून कोरी. तळाशी सात सात सह्या.

"सदस्य रोजाने कामाला जातात, मीटिंगला येत नाहीत," ते सांगू लागले. "म्हणून आले की चार पानांवर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायचो. मजकूर मागून. सगळीकडे असंच चालतं, साहेब. छत पडल्यावर मी घाबरलो. एक पान भरलं."

"पण मुलं आत का बसवली?"

"तपासणीचं पथक येणार होतं. वरून फोन आला, वर्ग व्हरांड्यात दिसता कामा नये. दुरुस्तीसाठी मी दोन पत्रं दिली होती. एकाचंही उत्तर नाही."

फोन करणाऱ्या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने जबाबात साफ नकार दिला. फोन झाल्याची नोंद मिळाली, पण काय बोलणं झालं ते कुठून आणणार? त्यांचं नाव दोषारोपपत्रात घेता आलं नाही.

मुलीच्या आईचा पुरवणी जबाब घेताना मी तिला स्वतः सांगितलं, "अक्का, ठराव खोटा आहे. मागून लिहिलाय. तुमचा काही दोष नाही."

तिने ते पान जवळ ओढलं. "सही मन्हीच शे," ती म्हणाली. "पोरनी शिकाडेल शे." मग मुलीने शिकवलेल्या त्या सहीवरून तिने बोट फिरवलं. "कोरा कागदवर काबरं करी मी?"

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरला मी पुढचं लिहायला सांगितलं.

काही वर्षांनी खटला उभा राहिला. कापलेली तीन पानं हाच आमचा मुख्य पुरावा. जप्ती पंचनाम्याचा पंच, गावातला एक साधा दुकानदार, साक्षीला आला. आरोपीच्या वकिलांनी त्याला विचारलं, "पंचनाम्यावर सही केली तेव्हा वर काय लिहिलं होतं?"

पंच माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही नव्हतं. साहेबांना घाई होती. कोऱ्या फॉर्मवरच सही घेतली."

तो खरं बोलत होता. त्या दिवशी मला बंदोबस्ताला जायचं होतं. दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या आणि रायटरला म्हणालो, "मजकूर ठाण्यात भरून घे." वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो. कोर्टाने तो पंचनामा मानला नाही. पानं आरोपीच्या घरी सापडली हे सिद्ध झालं नाही. पोलिसांसमोरची कबुली तर पुराव्यात चालतच नाही. दवाखान्याच्या नोंदीबद्दल वकील म्हणाले, गैरहजर सदस्याची सही मागाहून घ्यायची पद्धत आहे आणि बाकीचे स्वतःला वाचवायला मीटिंग नाकारतात; कोर्टाने आरोपीला संशयाचा फायदा दिला. निष्काळजीपणाची थोडी शिक्षा झाली, तिच्यावर अपील झालं. खोटा दस्तऐवज केल्याच्या आरोपातून मुख्याध्यापक सुटले. म्हणजे कागदोपत्री तो ठराव आजही समितीचाच आहे. सात सह्यांसकट.

निकालाच्या दिवशी ती बाई कोर्टाच्या आवारात उभी होती. मी तिला टाळून जीपकडे निघालो होतो. तिने हाक मारली.

"साहेब, तुम्ही बी कोरा कागदवर सह्या लेतस का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असावं, असं ती विचारत होती. मी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसलो.

त्यानंतर माझी तीन वर्षं नोकरी उरली होती. त्या काळात पंचांना मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी एकही सही घेतली नाही. हाताखालचे लोक वैतागायचे, म्हणायचे, साहेब म्हातारे झाले. याने माझ्या मनाला फारसं समाधान मिळालं नाही. ज्या एका पंचनाम्यात ते करायला हवं होतं, तो होऊन गेला होता. गुन्हेगार शोधण्यात उभी हयात गेली, पण सवयीने केलेली चूक आपल्याही हाताला चिकटलेली असते, हे मला साक्षीच्या पिंजऱ्यातल्या एका दुकानदाराने सांगितलं.

ती बाई आता त्या गावात राहत नाही. सुरतेकडे कामाला गेली असं ऐकलं. तिला द्यायचं उत्तर तेव्हा तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहितो. हो अक्का, मीसुद्धा घेत होतो.