नुसतं पाहण्याचं खातं

तिला कचेरीत सगळे फौजदारबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. इस्पितळाच्या तळघरातलं एक काळं खोकं तिच्या ताब्यात होतं. बाहेरून संगणकांकडे येणारं सगळं त्यातून गाळून येई; काही वावगं दिसलं की खोकं वाट अडवी. त्यावर खाती तीन तऱ्हांची. एकानं नुसतं पाहायचं, दुसऱ्यानं रोजची देखरेख करायची, आणि नियम बदलायचे ते एकट्या तिनं.

मोठ्या साहेबांना तिनं पाहण्यापुरतं खातं दिलं, आणि तिथंच ठिणगी पडली.

"मी इथला मुख्य, आणि मी नुसतं बघत बसू?"

"साहेब, तुम्हाला बदलायचंय तरी काय त्यात?"

"प्रश्न मानाचा आहे, बाई."

पुढं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिनं रजा घेतली. आईला आत न्यायच्या घाईत साहेबांचा फोन आला. "तुमचा पासवर्ड सांगा. दोन मिनिटांचं काम आहे." तिनं सांगून टाकला.

चार दिवसांनी कुणीतरी बाहेरून घुसून रुग्णांच्या नोंदींची वाट लावली. खोक्याच्या नोंदीत स्पष्ट होतं: अडवणं बंद केलं, आणि पुढं तिचं नाव. साहेबांच्याच सहीचं पत्र हातात पडलं: खुलासा करा, नाहीतर नोकरी गेली समजा.

घरी ती भांडी आपटत होती. डोळ्यावर पट्टी बांधलेली आई म्हणाली, "पासवर्ड सांगताना मी ऐकलं होतं. चूक तुझीही आहे."

"माझी बाजू घे की जरा."

"तेच करतेय. आपली चूक आधी सांगून मोकळी हो. मग त्याच्याकडं सांगण्यासारखं काही उरणार नाही."

चौकशीत, साहेबांच्याही वरच्या संचालकबाईंपुढं ती उभी राहिली. "पासवर्ड मी दिला. लिहून घ्या. आता कुणाच्या नावानं ते सोडा, कुठल्या संगणकावरून, तो रकाना वाचा."

संचालकबाईंनी वाचलं. संगणक साहेबांच्या खोलीतला होता.

साहेब घोटभर पाणी प्यायले. "एक फाइल खोकं उघडू देत नव्हतं. अडवणं परत चालू करायचं राहून गेलं."

तिला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. साहेबांनी माफी मागितली नाही. तिनंही राग सोडला नाही.

त्यांचं पाहण्याचं खातं तिनं तसंच ठेवलंय. कुणी कधी काय पाहिलं, ती खोक्याची नोंद दर सोमवारी ती उघडते. ज्या खात्यानं त्यांचा एवढा अपमान झाला, त्यातून साहेबांनी अजून एकदाही काही पाहिलेलं नाही.