लिलाववाल्याच्या गळ्यातली गाठ

शेजाऱ्याच्या गळ्यात गाठ निघाली, तर डॉक्टरच्या आधी निकाल देणारे तुम्ही कोण?

कॅन्ससमधल्या आमच्या गुरांच्या बाजारात व्हर्लिन स्टकी लिलाव पुकारायचा. एका दमात असे आकडे सोडायचा की नवख्याला वाटावं, गडी मंत्र म्हणतोय; पण खरेदीदाराची भुवई हलली तरी ती त्याच्या नजरेतून सुटत नसे. वासरू रिंगणात शिरेपर्यंत त्याचं वजन आणि भाव व्हर्लिनच्या जिभेवर तयार.

एकदा बिथरलेल्या बैलानं त्याला कठड्यावर आपटलं. मानेचं हाड मोडलंय का, हे बघायला स्कॅन काढला. हाड धड निघालं, पण थायरॉइडमध्ये गाठ दिसली. शोधायला गेले एक, सापडलं भलतंच. डॉक्टरांचा फोन यायच्या आत रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडला. त्याची बायको लोइस घाबरली आणि तिनं चर्चच्या प्रार्थना-साखळीत फोन लावला. या साखळीत एकीनं दुसरीला कळवायचं, दुसरीनं तिसरीला. संध्याकाळपर्यंत गाठीचा कॅन्सर झाला होता. ओसरीवर शेजारणींनी शिजवून आणलेल्या जेवणाची, कॅसरोलची, झाकलेली भांडी येऊन बसली, मयताच्या घरी येतात तशी.

मग सोनोग्राफी झाली, सुई घालून पेशी तपासल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तर अधलंमधलं आलंय. अशा चार-पाच गाठींत एखादी कॅन्सरची निघते, आणि तीही बहुधा सावकाश वाढणारी. थांबून पुन्हा सोनोग्राफी करता येईल, नाहीतर अर्धी ग्रंथी काढता येईल. मात्र आवाजाची नस तिथूनच जाते, क्वचित तिला इजा होते.

"म्हणजे आहे की नाही?" व्हर्लिननं विचारलं.

"आत्ता ते कुणीच सांगू शकत नाही."

जन्मभर नजरेनं भाव करणारा माणूस, पण स्वतःच्या गळ्याचा भाव त्याला करता येईना.

त्याला थांबायचं होतं. थांबू कोण देतो? बाजारातल्या कॉफीच्या टेबलावर एक जण म्हणाला, "काय रे व्हर्लिन, पाचात एकच ना? एवढ्या भरवशावर मी अख्खा कळप घेईन." सगळे हसले, आणि हसून झाल्यावर आपापल्या कपात बघत बसले. बाजाराचा मालक हार्लन यानं, तुला विश्रांती हवी म्हणत, त्याचा गुरुवारचा लिलाव दुसऱ्याला दिला. दया होती ती, भांडणार कुणाशी? घरी लोइस त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. शेवटी म्हणाली, "तुझा आवाज गेला तरी चालेल मला. तू नको जाऊस."

त्यानं ऑपरेशनला होकार दिला. अर्धी ग्रंथी काढली. गाठ साधी निघाली. चर्चमध्ये देवाचे आभार मानून झाले. व्हर्लिनचा आवाज मात्र फाटला. चार आकडे पुकारले की नुसती हवा. सुधारेल कदाचित, म्हणतात. तोवर हार्लननं त्याला फाटकावर गुरं आत-बाहेर करायला ठेवलंय. राग तरी कुणावर काढायचा? सगळे प्रेमानंच वागले.

उद्या तुमच्या ओळखीत कुणाला अशी गाठ दिसली, तर एवढं करा: थांबायचं की कापायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, आणि तोवर त्याचं काम त्याच्याच हातात राहू द्या.